प्रश्न वाचकांचे : परतलेलं यान आणि न सापडणारी गळती

गेल्या अंकात मी उडून परत आलेल्या यानाची पुन्हा तयारी कशी करतात ते लिहिलं होतं. उष्णतारोधक फरशा, पॅराशूट, उतरायचे पाय असं बरंच काही त्यात होतं आणि इंधनगळतीवर जेमतेम चार ओळी होत्या. पत्रं आली ती नेमकी त्या चार ओळींवर. माझी त्याला हरकत नाही. एकोणतीस वर्षं मी अतिशीत द्रवांच्या नळ्या, व्हॉल्व्ह आणि सांधे तपासण्यात घालवली आहेत. नव्या माणसाशी ओळख करून देताना सहकारी मला सरळ ‘आमच्या गळतीवाल्या बाई’ म्हणत. तेव्हा या महिन्याचं सदर गळतीलाच देते.

प्रश्न : शुभांशु शुक्ला अ‍ॅक्सियम-४ मोहिमेवर जाणार होते तेव्हा रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती सापडली आणि उड्डाण लांबलं. पण ते बूस्टर, म्हणजे रॉकेटचा खालचा टप्पा, आधी एकदा उडून, उतरून, तपासून झालेलं होतं. मग तपासलेल्या यंत्रातून इंधन गळतंच कसं? (एक निवृत्त शिक्षक)

आधी तुमच्यातल्या शिक्षकाची माफी मागून एक दुरुस्ती : ऑक्सिजन हे इंधन नव्हे. त्या मोहिमेच्या फाल्कन-९ रॉकेटमध्ये इंधन म्हणजे शुद्ध केलेलं केरोसीन, आणि ते जाळण्यासाठी सोबत न्यावा लागतो तो द्रवरूप ऑक्सिजन. गळत होता तो दुसरा.

आता मुद्दा. ते उडून आलेलं होतं, हेच कारण. ११ जून २०२५ ला उड्डाण ठरलं होतं. त्याआधी ८ जूनला रॉकेट जमिनीला जखडून इंजिनं काही सेकंद पेटवून पाहिली, आणि त्यानंतरच्या तपासणीत गळती दिसली. स्पेसएक्सचे विल्यम गर्स्टनमायर यांनी पत्रकारांना सांगितलं ते असं की, गळती आधीच्या उड्डाणातून परत येतानाचीच होती आणि डागडुजीच्या वेळी ती पूर्णपणे लक्षात आली नव्हती. आधी तिथे वायूचा झोत सोडून गळालेला ऑक्सिजन पांगवत ठेवायची सोय केली होती. मग तेवढ्यावर न भागवता दुरुस्तीसाठी थांबायचं ठरलं. यान गेलं २५ जूनला. मधला सगळा वेळ मात्र या गळतीच्या खात्यावर टाकू नका. अंतराळस्थानकाच्या रशियन भागातही गळतीचं एक प्रकरण चालू होतं, त्याचाही त्यात वाटा होता.

तपासूनही ती का दिसली नसेल? त्या बूस्टरचे कागद मी पाहिलेले नाहीत, पण असल्या गळतीचा स्वभाव मला चांगला ठाऊक आहे. हँगरमध्ये सगळं खोलीच्या तापमानाला असतं. द्रव ऑक्सिजन उकळतो उणे १८३ अंशांना आणि दुसऱ्या काही रॉकेटांचं इंधन असलेला द्रव हायड्रोजन उणे २५३ अंशांना. एक मीटर लांबीची वस्तू खोलीच्या तापमानापासून द्रव हायड्रोजनच्या तापमानापर्यंत नेली, तर स्टेनलेस स्टील सुमारे ३ मिलिमीटर आकसतं, अ‍ॅल्युमिनियम ४ आणि टेफ्लॉन २० च्या आसपास. आता स्टीलचा बोल्ट, अ‍ॅल्युमिनियमचा फ्लँज आणि मधे टेफ्लॉनचं सील असा सांधा डोळ्यांसमोर आणा. गरम असताना तिघांचं उत्तम जमतं. गार झाल्यावर तिघे आपापल्या मर्जीनं आकसतात आणि सील म्हणतं, मला इथे दाबून धरणारं कुणी उरलंच नाही. पुन्हा गरम झालं की तडजोड होते आणि तुम्ही टॉर्च घेऊन पाहायला जाता तेव्हा सगळं जागच्या जागी. आमच्याकडे अशा गळतीला ‘पाहुण्यांसमोर शहाणी’ म्हणत.

प्रश्न : मॅडम, हायड्रोजनला रंग नाही, वास नाही. मग गळती नेमकी कुठून होते हे कसं शोधतात? तुम्ही स्वतः कसं शोधायचात? (अकरावीतली एक विद्यार्थिनी)

तू दुसरा प्रश्न विचारलास म्हणून बरं झालं, नाहीतर मी पाठ्यपुस्तकासारखं उत्तर दिलं असतं.

मोठी गळती साबणाच्या फेसानं कळते. हसू नकोस, अजूनही कळते. सांध्याला साबणपाणी लावायचं, आत दाब द्यायचा आणि बुडबुडा येतो का पाहायचं. त्याहून बारीक गळतीसाठी दाब भरून कोंडून ठेवतात आणि तासाभरात तो किती उतरला ते बघतात. पण त्यानं गळती आहे एवढंच कळतं, कुठे आहे ते कळत नाही. आणि खरी बारीक गळती हेलियमनं शोधतात. हेलियमचा अणू इतका चिमुकला की जिथून हायड्रोजन निसटेल अशा फटीतून तोही निसटतो. शिवाय तो पेट घेत नाही आणि हवेत मुळात दहा लाखांत ५ भाग एवढाच असतो, त्यामुळे जरा वाढला तरी लपत नाही. नळीतली सगळी हवा पंपानं काढून ती डिटेक्टरला जोडायची आणि बाहेरून एकेका सांध्यावर बारीक पिचकारीतून हेलियम सोडायचा. सांधा फुटका असेल तर हेलियम आत शिरतो आणि डिटेक्टरचा आकडा चढतो.

आता माझी गोष्ट. नोकरीच्या दहाव्या-अकराव्या वर्षी एका व्हॉल्व्ह-जुळणीवर सोळा सांधे होते. मी पहिल्यावर हेलियम सोडला, आकडा चढला. दुसऱ्यावर सोडला, चढला. तिसऱ्यावरही तेच. सोळाच्या सोळा सांधे गळतात असं यंत्र म्हणत होतं, फक्त काही ठिकाणी जरा उशिरा. दोन दिवस मी एकेक सांधा प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधत होते, टेप लावत होते, पुन्हा सोडत होते. जुळणी करणाऱ्या मुलांकडे मी ज्या नजरेनं पाहिलं ते आठवून आजही ओशाळायला होतं. तिसऱ्या दिवशी आमचे ज्येष्ठ टेक्निशियन आले. त्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी जुळणीकडे पाहिलंसुद्धा नाही. विचारलं, “तुझा पाइप कधी उघडून पाहिलास?” डिटेक्टरला जोडणारा तो पाइप जुळणीच्या वरच्या बाजूनं आला होता. हेलियम हलका. कुठल्याही सांध्यावर सोडा, तो वर तरंगत जाणार आणि पाइपच्या जोडापाशी पोचणार. काकांनी क्लॅम्प सोडवला, ओ-रिंग चिमट्यानं उचलली आणि टॉर्च तिरपा धरला. खोबणीवर आडवा एक केस पडला होता. लांब आणि पांढरा. त्या हॉलमध्ये लांब पांढरे केस एकाच व्यक्तीचे होते, त्यामुळे चौकशी समिती नेमावी लागली नाही.

तेव्हापासून रोज सकाळी पहिलं काम म्हणजे डिटेक्टरला ठरावीक, माहीत असलेली गळती जोडून त्याचा आकडा बरोबर येतो का ते पाहणं. आणि दुसरं, टोपी घालणं.

प्रश्न : मी तीस वर्षं नळाची कामं करतो. गळका सांधा अर्ध्या तासात बंद होतो. नासाच्या शटलची एक गळती शोधायला सहा महिने लागले असं तुम्ही लिहिलंत. एवढे शिकलेले लोक सहा महिने करत काय होते? (एक वाचक)

या महिन्यात सगळ्यात आवडलेलं पत्र तुमचं. कारण तुम्ही सांधा हातात धरलेला आहे.

गोष्ट १९९० ची, फ्लोरिडातल्या केनेडी अंतराळ केंद्रातली. ‘कोलंबिया’ शटल अ‍ॅस्ट्रो-१ नावाच्या दुर्बिणी घेऊन ३० मे रोजी निघायचं होतं. टाकी भरताना हायड्रोजन गळताना सापडला. थोडा खालच्या मंचावरच्या जोडापाशी आणि बराचसा मोठ्या नारिंगी टाकीतून यानात येणाऱ्या १७ इंची जोडापाशी. हा जोड साधा नाही. अवकाशात टाकी सोडून द्यायची असते, म्हणून त्याच्या दोन्ही बाजूंना झडपा, मधून तो सुटायला हवा, आणि सुटेपर्यंत थेंबभरही गळायला नको. ६ जूनला पुन्हा थोडं इंधन भरून खात्री केली : गळती तिथलीच. उड्डाणतळावर उभ्याउभ्या ती दुरुस्त होणार नव्हती. म्हणून १२ जूनला अख्खं यान परत इमारतीत नेलं, टाकीपासून सोडवलं, आणि यानाच्या बाजूचा जोड बदलला. त्यासाठी बांधणी चालू असलेल्या ‘एन्डेव्हर’ शटलचा जोड काढून लावला. तुम्हीही एका कामाचा व्हॉल्व्ह दुसऱ्या कामावर कधीतरी लावला असेल. तसंच.

९ ऑगस्टला यान पुन्हा तळावर. ६ सप्टेंबरला टाकी भरायला घेतली आणि यानाच्या शेपटीकडच्या, इंजिनांच्या कप्प्यात पुन्हा हायड्रोजन साठू लागला. इथे नासाच्या लोकांच्या लक्षात आलं ते असं : गळत्या पहिल्यापासूनच एकाहून जास्त होत्या. जोडाची गळती दुरुस्त झाली, पण कप्प्यातली तिच्या आड लपलेली होती. धो-धो वाहणाऱ्या नळाखाली दुसरा ठिबकणारा नळ ऐकू येत नाही, हे तुम्हाला मी काय सांगणार.

मग संशय हायड्रोजन खेळता ठेवणाऱ्या तीन पंपांवर गेला. ते बदलले. तिसऱ्या इंजिनाच्या वरच्या झडपेत टेफ्लॉनचं एक सील दुखावलेलं सापडलं, तेही बदललं. मला विचाराल तर मी त्या दिवशी घरी जाऊन शांत झोपले असते. दुखावलेलं सील हातात आलं की माणसाला वाटतं, सापडला चोर. १८ सप्टेंबरला टाकी भरली. गळती हजर.

आता तुमच्या अर्ध्या तासाकडे येते. तुम्ही सांध्याला हात लावून पाहता, पाणी चालू ठेवूनच. इथे गळती असते तेव्हा माणसाला जवळ जाता येत नाही, आणि माणूस जवळ जातो तेव्हा गळती नसते. टाकीत साडेचौदा लाख लिटरच्या आसपास द्रव हायड्रोजन मावतो. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत काहीही असलं तरी ठिणगीला पुरतं. म्हणून भरताना कप्पा बंद, आत नायट्रोजनचा झोत चालू, माणसं काही किलोमीटर दूर, आणि हातात काय, तर कप्प्यातल्या हवेत हायड्रोजन किती याचा आकडा. कुठून आला ते आकडा सांगत नाही. एक शंका तपासायची म्हणजे भरा, मोजा, रिकामं करा, ऊब येऊ द्या, कप्पा उघडा, संशयित भाग काढा, दुसरा लावा, तपासा, पुन्हा भरा.

आणि प्रत्येक वेळी ‘काढा, लावा’ म्हणजे एक नवा सांधा. कालपर्यंत न गळणारा सांधा तुम्ही शंकेपोटी उघडलात आणि परत जोडलात, तर तो आता कालचा सांधा नाही. माझ्या धंद्यातली ही सगळ्यात अवघड गोष्ट, आणि वरच्या साहेबांना पटवायला तर त्याहून अवघड. त्यांना वाटतं, जितकं जास्त उघडून पाहू तितकी जास्त खात्री.

शेवटी एक खास पथक नेमलं. त्यांनी केलेली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अगदी साधी आहे : मागच्या कप्प्याला पारदर्शक प्लेक्सिग्लासचं दार बसवलं, आत जास्तीचे संवेदक आणि व्हिडिओ कॅमेरे लावले, आणि ३० ऑक्टोबरला चाचणीपुरतं इंधन भरलं. या वेळी मर्यादेबाहेर गळती नव्हती. मधे एका वादळामुळे यान तळावरून आत आणून पुन्हा बाहेर न्यावं लागलं होतं, ते वेगळंच. कोलंबिया निघालं २ डिसेंबर १९९० ला.

त्याच उन्हाळ्यात ‘अटलांटिस’वरही खबरदारी म्हणून तीन वेळा थोडं इंधन भरून पाहिलं आणि त्यातही १७ इंची जोड गळताना सापडला, फक्त टाकीच्या बाजूचा. त्याला परत नेताना इमारतीबाहेर दिवसभर थांबवावं लागलं, कारण कोलंबिया बाहेर निघत होतं. तेवढ्यात गारा पडल्या आणि फरशांना टवके उडाले. दुरुस्ती झाल्यावर यान टाकीला जोडायला उचललं, तर मागच्या कप्प्यातून काढायची राहिलेली कामाच्या फळीची एक तुळई आतल्या आत पडली. किरकोळ नुकसान झालं, तेही दुरुस्त केलं. पाना विसरल्याबद्दल तुम्ही कधी मदतनिसाला ओरडला असाल तर त्याला हे वाचून दाखवा.

प्रश्न : एवढा त्रास देतो तर हायड्रोजन वापरतातच कशाला?

कारण वजनाच्या मानानं तो सगळ्यात जास्त जोर देतो. शटलच्या इंजिनांची कार्यक्षमता केरोसीनच्या इंजिनांना गाठता येत नाही. पण तो इतका हलका की टाकी अवाढव्य लागते आणि इतका गार की नळी हेलियमनंच फुंकून काढावी लागते. नायट्रोजन वापरला तर तो त्या नळीत गोठून बसेल. वारंवार वापरायच्या रॉकेटांत हल्ली केरोसीन किंवा मिथेन पसंत करतात, त्यामागे हेही एक कारण आहे, असं माझं मत.

प्रश्न : ‘थोडी गळती चालते’ असं तज्ज्ञ म्हणतात तेव्हा भीती वाटते. चालते म्हणजे किती? आणि नाही चाललं तर? (एका अभियांत्रिकी विद्यार्थ्याचे वडील)

पूर्ण न गळणारा सांधा मी पाहिलेला नाही. कमी गळणारे आणि मोजता न येण्याइतके गळणारे, हे दोनच प्रकार. म्हणून किती गळतं याच्याइतकंच काय गळतं आणि गळून कुठे जातं हे विचारायला हवं.

२०२४ मध्ये सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ज्या स्टारलायनर यानानं गेले त्यात इंधन ढकलायला भरलेल्या हेलियमची एक बारीक गळती उड्डाणाआधीच माहीत होती. एवढी चालेल असं ठरलं आणि ५ जूनला यान निघालं. वर गेल्यावर आणखी गळत्या दिसल्या, शिवाय काही थ्रस्टर, म्हणजे यान वळवायची छोटी इंजिनंही बिघडली. शेवटी ७ सप्टेंबरला यान रिकामंच उतरलं. यातली मला खुपणारी बाब निराळीच आहे. त्या यानाची माणसं बसायची कुपी पुन्हा वापरायची असते, ती परत आली. पण गळके सांधे होते कुपीमागच्या सेवाकक्षात, आणि तो परतताना वातावरणात जळून जातो. दोषी सील टेबलावर ठेवून भिंगाखाली बघायची सोयच नाही. यान परत येतं म्हणजे पुरावा परत येतोच असं नाही.

आत गळणारी गळती याहून वाईट. मार्च २०१९ मध्ये स्पेसएक्सचं क्रू ड्रॅगन यान माणसांशिवाय अंतराळस्थानकाला जाऊन सुखरूप परतलं. तीच कुपी २० एप्रिलला जमिनीवर चाचणीसाठी उभी केली आणि आपत्कालीन इंजिनं पेटायच्या क्षणभर आधी ती फुटली. सुदैवानं जवळ कुणी नव्हतं. एका एकदिशा झडपेतून नायट्रोजन टेट्रॉक्साइड, म्हणजे इंधन जाळायला लागणारा द्रव, उलट गळून हेलियमच्या नळीत साचला होता. बाहेर थेंबही नाही, कुठल्याही हुंगणाऱ्या यंत्राला पत्ता नाही. दाब दिल्याबरोबर तो साचलेला द्रव गोळीसारखा सुटला आणि टायटॅनियमची झडपच पेटली. त्यानंतर तिथल्या झडपा काढून फुटून मोकळ्या होणाऱ्या चकत्या बसवल्या. दाब येईपर्यंत चकती म्हणजे सलग भिंत, उलट गळायचा प्रश्नच नाही.

आणि कधीकधी नशीबही साथ देतं. २३ जुलै १९९९ ला कोलंबिया चंद्रा दुर्बीण घेऊन निघालं, आयलीन कॉलिन्स कमांडर. एका इंजिनात ऑक्सिजनची एक संशयित नळी पूर्वीच्या डागडुजीत सोन्याचा मुलामा दिलेली लहानशी पिन ठोकून बंद केलेली होती. इंजिन पेटताना ती पिन उडाली आणि नॉझलच्या भिंतीतल्या १,०८० बारीक नळ्यांपैकी तीन तिनं फोडल्या. पूर्ण चढणभर तिथून हायड्रोजन गळत राहिला. इंजिनाच्या नियंत्रकानं जोर टिकवायला ऑक्सिजन जास्त वापरला, त्यामुळे ऑक्सिजन थोडा आधी संपला आणि वेग सेकंदाला साडेचार मीटरच्या आसपास कमी पडला. दुर्बीण तरीही व्यवस्थित पोचली. तीनच्या जागी किती नळ्या फुटल्या असत्या तर काय, हा विचार त्या नॉझलचा फोटो पाहून माझ्या मनात दर वेळी येतो. दुरुस्ती म्हणून ठोकलेली पिनच गळतीचं कारण झाली, हे तुमच्या मुलाला जरूर सांगा. परीक्षेत येणार नाही, पण कामावर येईल.

प्रश्न : हायड्रोजनची आग शोधायला पूर्वी झाडू वापरत, हे खरं की थाप?

खरं. हायड्रोजनची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना जवळपास दिसत नाही आणि तिची आचही लांबून फारशी जाणवत नाही. म्हणून साठच्या दशकात अमेरिकेतल्या चाचणीतळांवर गवती झाडू पुढे धरून माणसं सावकाश चालत. झाडू पेटला की थांबायचं. आता अतिनील किरण ओळखणारे संवेदक आणि उष्णता टिपणारे कॅमेरे असतात. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की झाडूचा दांडा किती लांब असायचा.